फिटलं

तो आला तेव्हा निवृत्ती मास्तर खुर्चीत होते,
एका गालावर फेस.
म्हणाला, मी निरंजन. वर्षभर पैशाला हात न लावता जगतोय.
केस कापाल? बदल्यात सांगाल ते करीन.

मी केरसुणीकडं बोट दाखवलं.
त्यानं खरंच झाडलं, मन लावून, बाकड्याखालचंसुद्धा,
काळे-पांढरे केस एकाच सुपलीत.
मास्तर आरशातूनच बघत राहिले.

मग मान खाली घालून त्यानं सांगितलं:
बंगळूरची नोकरी सोडली, खातं बंद केलं,
सायकल काढली. कुणी रानात राबवून घेतं, कुणी जेवू घालतं.
भिलवडीपर्यंत आलो की नाही?
पूर्वी गावं अशीच तर चालायची, दादा.
सगळे एकमेकांचे.

माझी कात्री थांबली.
तेवढ्यात त्याचा फोन वाजला.
रिचार्ज बहीण मारते, म्हणाला, आणि लाजला.
बरा माणूस. लाजता येणारा.

माझा आजा, तातोबा, जगला पैशाशिवाय.
चाळीस उंबऱ्यांच्या दाढ्या, पोरांची जावळं,
लग्नाची आवतणं, मयताचे सांगावे,
आणि सुगीत खळ्याच्या कडेला पोतं घेऊन उभं राहणं,
मालकाची रास गाडीत चढेपर्यंत.
मागं उरायचा तो मातीतला जोंधळा. तोही किती,
ते देणाऱ्याच्या मनगटावर.
फिटलं, असं कुणी कधी म्हणालं नाही.
एकमेकांचे कुठले?
तो सगळ्यांचा होता, एवढंच.

एकदा सांगलीच्या बाजारात चिंचेखाली पेटी उघडून बसला.
हळदीचा कुणी दलाल, ना नाव ना गाव,
दाढी करून उठला, चवली टाकली, गेला.
मागं वळून बघितलंसुद्धा नाही.
आजा म्हणायचा,
त्या न बघण्यात काय सुख होतं, लेका!

हे निरंजनला सांगायचं राहिलं.
वस्तरा कानामागं होता.

आणि सांगायचंच तर मग पुराचंही सांगायला लागलं असतं.
कृष्णा दुकानात शिरली, आरशाच्या वरपर्यंत,
आणि आम्ही नऊ दिवस शाळेच्या माडीवर.
खिशात चौदाशे रुपये, भिजलेले.
विकत घ्यायला होतं काय?
रफीक तांबोळी दोन्ही वेळचं पिठलं ढवळायचा,
मी दाढ्या केल्या, ब्लेडं संपेस्तोवर,
त्या खळेवाल्याच्या नातवाचीही.
माझं तापलेलं पोरगं रात्रभर त्याच्याच मांडीवर होतं.
कोण कुणाचं देणं लागतं, आठवलंच नाही.
दहाव्या दिवशी पाणी उतरलं.
दोरीवर नोटा वाळत घातल्या, पापडासारख्या,
आणि जो तो आपापल्या नोटांजवळ उभा राहिला.

मीसुद्धा.

केस झाले. त्यानं मानेवरून हात फिरवला.
किती झाले असते?
सत्तर.
केराकडं बघून तो मनात काही मांडायला लागला,
तर मी म्हटलं, फिटलं.
त्याला तो शब्द आवडला नसावा.
नातं शोधत आलेल्या माणसाला
मी मोकळं करून टाकलं होतं.

मास्तरांनी मोबाईल धरला,
भिंतीवरची डबी बोलली: सत्तर रुपये प्राप्त झाले.
ते गेले, सरळ, बघत रस्त्याकडं.

निरंजनची सायकल अंकलखोपच्या पुलाकडं लागली.
पुलापर्यंत तो तीनदा वळून बघत होता.
मी दारात उभा.
हात वर केला, तर हातात वस्तरा.