कीस

माझी लेक यी-चेन जिनिव्हात बसून
आकड्यांचा कीस काढते.
मी ताइचुंगला, बिडाचा.

रविवारी तिचा फोन येतो.
“बाबा, शेडमध्ये आता किती माणसं?”
अकरा. कुत्रा धरून बारा.
ती हसत नाही. तिच्या तक्त्यात
देशांना रकाने आहेत,
कुत्र्याला नाही.

काम सांगायला सोपं.
पट्टीला निळं फासायचं,
ती यंत्राच्या पाठीवरून फिरवायची,
निळं लागलं तो उंचवटा.
तेवढाच खरवडायचा,
माशीच्या पंखाइतका.
दांडा बेंबीखाली टेकवून अंगानं रेटायचा.
लोक पोटासाठी काम करतात,
मी पोटानंच करतो.
बत्तीस वर्षांत तिथं घट्टा पडला,
बायको त्याला दुसरी बेंबी म्हणायची.

मला शिकवलं एकेहार्ट ल्योश्नरनं.
केम्नित्सचा. भिंत पडली
आणि दोन हिवाळ्यांत त्याचा कारखाना गेला,
नऊशे माणसं,
त्यांत क्रेनवर बसणारी त्याची बायको रोसविता.
आमच्या भाषेतले दोनच शब्द यायचे त्याला,
‘थांब’ आणि ‘अजून’.
तेवढ्यावर माणूस घडतो.

माझे दोन चेले निंग्बोला गेले, दुप्पट पगारावर.
त्यांचा एक चेला म्हणे हल्ली
हायफाँगला पोरं तयार करतो.
त्यालाही ‘थांब’ म्हणता येत असेल.

लेक म्हणते, जर्मनीची रेघ उतरते आहे,
चीनची चढून वाकली,
आणि आपली...
इथं ती घुटमळते.
“गुरुवार-शुक्रवार अजून सुट्टीच?”
हो. बिनपगारी.

“पण बाबा, ग्राइंडर तासाभरात
आरशासारखं करतो. मग तुम्ही कशाला?”

पार सपाट झालं ना पोरी,
की लोखंड लोखंडाला चिकटून बसतं, हलत नाही.
बारीक खळगे ठेवावे लागतात.
तेल तिथं थांबतं.

पलीकडे टाइप केल्याचा आवाज येतो,
मग पुसल्याचा.

गुरुवारी फाटकाला कुलूप असतं.
तरी जातो,
कुत्र्याला भात कोण घालणार?
सळ्यांतून हात घालतो, तो चाटतो,
नखांतलं निळं
त्याच्या नाकाच्या शेंड्याला लागतं.

म्हणजे उंचवटा तिथं.
राहू दे.