कोऱ्या ओळी

सरपंचाचं चित्र काढा, म्हटलं चौथीला.
पोरं अठरा; सतरा मिश्या आल्या.
जुगलनं नुसती गाडी काढली.
"सरपंच आत हायेत मॅडम, काच काळी हाय."

पुस्तकात एकच वाक्य आहे:
लोकप्रतिनिधी समाजाच्या सर्व घटकांतून निवडले जातात.
मी ते फळ्यावर लिहिलं,
पुसलं,
आणि वर्ग घेऊन निघाले
पऱ्हाटीच्या धुऱ्याधुऱ्यानं ग्रामपंचायतीकडे.

भिंतीवर निळा बोर्ड, पांढरी अक्षरं.
वाचा, म्हटलं, मोठ्यानं.
निखाडे. निखाडे. निखाडे.
मध्ये एक ठेंगणे, मग पुन्हा निखाडे.
सार्थक निखाडेची मान
नावागणिक बोटभर उंच होत गेली.
मग सौ. वच्छलाबाई,
आणि पुढे तिच्या नवऱ्याचं नाव, जरा जाड अक्षरांत.
"मंग सरपंच कोन होतं?"
मी म्हटलं, सही तिची होती.
हे काही उत्तर नव्हतं. पोरांनाही कळलं.

मग आत्राम. मग खोब्रागडे.
मग एका ओळीत नुसतंच 'प्रशासक'.
"हे कोनत्या जातीचं हाय जी?" ललिताचा प्रश्न.
ग्रामसेवक चहाचा घोट गिळता गिळता ठसकले.

तेवढ्यात इंदूताई कोडापे आल्या,
आत्ताच्या सरपंच,
ओटीला कापसाचं बोंड चिकटलेलं तसंच.
पोरं टक लावून पाहत राहिली.
"काय पाह्यता रे?"
"मिशी," जुगल म्हणाला.
त्या इतक्या हसल्या की खुर्ची करकरली.
मग म्हणाल्या, हे खुर्ची माह्यासाठी उंच हाय,
पाय लोंबकळते. पहिल्या साली लाज वाटे.
आता खाली वीट ठेवली.
पोरं वाकली, टेबलाखाली डोकी घालून
वीट पाहून आली. एकेक करून, सगळी अठरा.

मी सांगितलं, तहसीलात सोडत निघते,
काचेच्या बरणीत चिठ्ठ्या टाकतात
आणि काढायला तुमच्याएवढंच एक लेकरू बोलावतात.
"त्याले माहीत असते काय, कोनाची निघन?"
नाही, म्हटलं.
"मंग तं बरं हाय," ललिता म्हणाली,
आणि जरा थांबून,
"पन चिठ्ठी नसती तं?"
मी बोर्डाकडे पाहिलं.
सगळ्यांनीच पाहिलं. सार्थकनंही.

निघताना मेहजबीन मागं राहिली.
बोर्डाच्या अगदी खालच्या कोपऱ्यात बोट,
मुंगीएवढी अक्षरं: शेख पेंटर, घाटंजी रोड.
"माह्ये अब्बू," ती म्हणाली.
बोर्डावर शेख एवढाच, नावांच्या रांगेबाहेर.
मला वाईट वाटलं, आणि तिच्या तोंडावर तर
नुसता अभिमान.
काय बोलावं ते मला बीएडमध्ये शिकवलं नव्हतं.

तिचं बोट मग वर सरकलं,
इंदूताईंच्या नावाखालून
पट्टीनं आखलेल्या रिकाम्या रेघांवर.
एक, दोन, सात.
"अब्बूले नावाचे पैसे भेटतात मॅडम, एका नावाचे तीस.
कोऱ्या ओळीचे नाई भेटले."
मग कावून आखल्या, मी विचारलं.

तिनं माझ्याकडे असं पाहिलं
जसं आम्ही पाहतो
पाढा चुकलेल्या पोराकडे.
आणि पळाली, रांग पुढे गेली होती.