जड कार्बन

सकाळी दहाला आम्ही ज्वारीला पिशवीत घालतो.
गणेशखिंडीच्या हरितगृहात, चार नंबरच्या बाकावर,
पारदर्शक पिशवी, बुडाशी चिकटपट्टी,
आणि नळीतून थोडासा वायू:
नेहमीपेक्षा एका न्यूट्रॉननं जड असलेला कार्बन.
तासभर ती तो पानात ओढते.
तिला फरक कळत नाही.
बाहेर मेट्रोच्या खांबांखाली हॉर्न वाजतात.
बाबर मामा घड्याळ बघून म्हणतात,
सोडा आता तिला.

कुंडीत आणखी कोणीतरी आहे.
टारफुला.
बी कसलं, तपकिरीची चिमूट,
शिंकलात तर हजार उडतील.
दहा-दहा वर्षं मातीत पडून राहतं
कान देऊन.

ज्वारीचं मूळ मातीत काहीतरी सोडतं.
फॉस्फरस कमी पडला की जास्तच सोडतं.
ती हाक असते बुरशीला,
जुन्या देण्याघेण्यातल्या बुरशीला:
ये, मी साखर देते, तू खनिजं आण.
हाक तिला. ऐकतो हा.
ऐकल्यावर थोड्या दिवसांत पोचला नाही तर मरतो,
म्हणून घाईत असतो.
मुळाला टेकतो, टोक फुगवतो, आत शिरतो,
तिच्या पाण्याच्या नळीला
आपली नळी जोडतो.

महिनाभर वर काही दिसत नाही.
वर फक्त ज्वारी खुरटते
आणि बघणारे म्हणतात,
पाणी कमी पडलं असेल.

मग तो वर येतो.
आणि हिरवा असतो!
मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा वाटलं,
चला, कमावता झाला,
आता सोडेल तिला.
वैराट मॅडम म्हणाल्या, वाटून काय होतंय,
पान खुड, वाळव, कुटून पाठव.
कथलाच्या इवल्याशा पुडीत मिलिग्रॅमभर पूड.
तीन आठवड्यांनी आकडे आले:
आमच्या कुंडीत तरी
त्याच्या पानातला तिसरा हिस्सा तिचा होता.

घेतलेल्या साखरेचं तो मॅनिटॉल करून ठेवतो,
म्हणजे रस दाट राहतो, म्हणजे ओढ राहते.
दुपारी ज्वारी पानं गुंडाळते,
पानांवरची लाखभर तोंडं मिटून घेते.
त्याची उघडीच. रात्रीसुद्धा.
पाणी त्याच्याकडेच चढत जातं.

एवढं करून हिशेब जुळत नाही.
त्यानं नेलं त्याहून तिचं जास्त गेलंय.
वहीत एक रकाना मी रिकामा ठेवलाय,
त्याला मथळा सुचत नाही.
तिनं जे बनवलंच नाही
आणि बनवलं असतं, ते त्यात लिहायचंय.

हंसाताई काळेपडळला बिस्किटं पॅक करते,
बारा वर्षं झाली.
मला आता फेलोशिप मिळते, दर महिन्याला नाही, पण मिळते.
डबा मात्र अजून तिच्याकडूनच येतो,
शेजारच्या तेजसच्या दुचाकीला लटकून:
मालदांडीची भाकरी, मेथी, ठेचा.
ताईची उंची नववीत थांबली.
त्याच वर्षी तिची शाळा सुटली
आणि मला गणिताचा क्लास लागला.
योगायोग असेल.
माणूस काही ज्वारी नसतं,
आणि मॅडमना हे दाखवलं तर म्हणतील
नमुना एकच आहे, यावरून काही सिद्ध होत नाही.

तरी काल फोनवर विचारलं,
ताई, तेव्हा तू नक्की कोणाला हाक मारत होतीस?
ती म्हणाली, कधी रे?
मग पट्ट्यावरून बिस्किटं जात राहिल्याचा आवाज.
मग म्हणाली,
डबा नीट घासून पाठव,
मागच्या वेळी ठेच्याचा वास राहिला होता.