शेरा

केळशीकर बाईंनी आधी वही पुढे केली,
मग किल्ली.
वहीत पट्टीने आखलेले रकाने:
तारीख, कुठे बंद पडली, किती मिनिटांनी,
शेरा.

सानपाड्याच्या अलीकडे, बावीस.
नेरूळच्या पुलाखाली, एकवीस.
एकदा वाशीच्या सिग्नलवर, हिरवा दिवा लागल्यावर.
शेरा: मागचा टेम्पोवाला आईवरून बोलला.

सत्त्याण्णव सालची मारुती, कार्बोरेटरवाली.
माझ्या आधी तिघांचे हात लागलेले.
एकाने प्लग बदलले, एकाने कॉइल,
जुईनगरच्याने पंपच नवा टाकला, वर म्हणाला,
उन्हाळा आहे बाई, तापते गाडी.
बाईंनी त्याला जानेवारीचं पान दाखवलं.

माझ्या दारात मात्र इंजिन शहाण्यासारखं चालत होतं,
डॉक्टरांसमोर खोकला थांबतो तसं.
तासभर कान लावून बसलो. काही नाही.
मग त्यांच्याच शेजारी बसून निघालो,
तुर्भ्यातून पाम बीचला, काचा खाली.
म्हटलं, आता बोलू नका.
म्हणाल्या, मी कुठे बोलतेय.

विसाव्या मिनिटाला एक ठोका गिळला तिने.
मग दोन.
करावे गावाच्या फाट्याजवळ
गाडी पुढे जात राहिली,
आवाज मागेच राहिला.

बॉनेट उघडलं. फिल्टर कोरडा ठणठणीत.
टाकी अर्धी भरलेली.
म्हणजे पेट्रोल आहे, पण येत नाही.
खारफुटीवरून गरम वारा येत होता
आणि मी रस्त्याच्या कडेला वही वाचत उभा,
यावेळी फक्त शेवटचा रकाना.
शेरा: पंपावर गेले, नंतर ठीक.
शेरा: दोनशेचं टाकलं, नंतर ठीक.
असं सात वेळा.
"म्हणून तर रोज थोडं थोडं भरते," बाई म्हणाल्या.

पण ही काही भुकेली नव्हती.
पंपावर पेट्रोल टाकण्याआधी
आणखी एक गोष्ट करतात.
मी झाकणाची किल्ली मागितली, फिरवली.

सूंऽऽऽ

बाई दोन पावलं मागे सरकल्या. "गॅस?"
"हवा. बाहेरून आत."

झाकण उलटं केलं.
श्वासाच्या भोकावर एम-सीलचा ठिपका,
गव्हाच्या दाण्याएवढा,
ओल्या बोटाने गुळगुळीत केलेला. सुबक काम.
कोणी केलं, विचारलं.
दोन डंपर गेले, तोवर बाई गप्प.
"वास यायचा गाडीत. मीच. दिवाळीच्या आठवड्यात."

रबाळ्याच्या केमिकल कंपनीत एकतीस वर्षं.
व्हॉल्व्ह, फ्लँज, पाइपांचे सांधे,
साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधायचे
आणि बुजवायचे.
"माझ्या पाळीत कधी एकसुद्धा..."
पुढे बोलल्या नाहीत.
मग एकदम, स्वतःवरच चिडून:
"निर्वात! अहो, साधा निर्वात!
सातवीतल्या पोराला कळलं असतं."

पदराची पिन काढून टोचायला गेल्या. पिन वाकली.
झाकणाऐवजी फडकं कोंबून गॅरेजला आलो,
ड्रिलला एक मिलिमीटरचं पातं लावलं.
वास भोकातून येतच नव्हता कधी,
झाकणाचं रबर कडक होऊन चिरलं होतं.
नवं वॉशर, चाळीस रुपये.
"आणि भोकाचे?"
भोकाचे काय लावणार?
झिशानने पाट्यावर लिहिलं: इतर, शंभर.
बाईंनी दीडशे दिले आणि दहा परत मागितले.

त्या गेल्यावर मी उगाच घड्याळाकडे बघत होतो.
बावीस मिनिटं झाली. फोन नाही.
तिसाव्या मिनिटाला झिशान म्हणाला, चहा सांगू?

वही बाकावरच राहिली होती.
शेवटच्या ओळीत तारीख, करावे फाटा, वीस.
शेऱ्यात दोनच शब्द लिहिलेले
आणि मग पट्टी धरून
नीट खोडलेले.