अडीच फूट

नकाशावर ती नाही.
मोजणीच्या शीटवर गट नंबर एकशे सत्तावीसला
एक वाकडी कड आहे, तेवढीच.
शेताची कड अशी वळत नाही.
शेत भांडतं, काटकोनात मोडतं,
भावाच्या वाटणीपाशी अडून बसतं.
ही मात्र सावकाश, लांबवर,
डबे उलटू नयेत इतक्या बेतानं वळलेली.

म्हणून सोमाण्णा बिर्जेंना गाठलं.
खानापूरच्या पुढं, सर्व्हिस रोडला,
पंक्चरच्या दुकानामागं त्यांचं घर.
रिटायर्ड कीमन. वय विचारलं तर म्हणाले,
"मीटरगेज गेली तेव्हा चाळीस होतं की.
तिथनं पुढचं मोजलं नाही."

निघालो. पुढं ते, हातात कोयता.
मागं मी, टेप आणि जीपीएस घेऊन,
घाणेरीतनं वाट काढत, काजूच्या कुंपणाखालनं वाकत.
"माती तांबडी हाय. खडी काळी दिसली की समज."
आणि जांभ्याच्या त्या मुलखात
दिसायला लागले काळे खडे,
जणू कुणी फाटकं पोतं खांद्यावर घेऊन गेलं
आणि गुंजीपर्यंत उडीद सांडत राहिले.

एका गोठ्याच्या आढ्याला रूळ.
एका फाटकाला दोन स्लीपर, खिळ्यांची भोकं शाबूत,
त्यातल्या एकात कुंभारमाशीचं घर.
मैलाचा दगड म्हशी अंग घासून
गुळगुळीत केलेला.
त्यावरचा आकडा इंग्रजी,
म्हणून दोन्ही बाजूंच्या पोरांनी
त्याला डांबर फासलेलं नाही.

आमच्या भागात 'पण' म्हणत नाहीत, 'खरं' म्हणतात.
सोमाण्णा सांगत होते,
"हॉल्ट होतं इथं, खरं तिकीटघर नव्हतं.
गाडी थांबायची, खरं थांबल्यासारखी नाही.
आमची नीलव्वा ह्याच भरावावरनं डबा घेऊन यायची,
खरं..."
आणि पुढं काही नाही.
कोयता एका वेलीवर दोनदा बसला,
एकदाच पुरेसा होता.
मी वहीत लिहिलं: खरं.

मग लक्षात आलं ते त्यांचं चालणं.
माणूस ठेंगणा, पाऊल लांब,
दर वेळी थोडं ताणून टाकलेलं.
ओढ्याकाठी चिखल होता. ठशांना टेप लावला.
अडीच फूट.
पुढचा, अडीच फूट.
त्याच्या पुढचा, अडीच फूट आणि दोन बोटं;
मध्ये खेकड्याचं बीळ होतं.
माझे ठसे बाजूलाच, कधी दोन, कधी तीन,
कुणालाच न बांधलेले.
स्लीपर उपटून तीस वर्षं झाली,
ह्यांच्या पायांना कुणी कळवलेलं नाही.

आणि हायवे.
त्यानं भराव वडीसारखा कापलाय:
वर गवत, मग खडी,
मग बोटभर राख, कोळशाच्या इंजिनांची,
अजून हाताला लागते.
समोर, चार पदरांपलीकडं,
ढाब्याच्या बोर्डाखाली
उरलेला भराव तसाच पुढं गेलेला,
मध्ये काही घडलंच नाही असा.

सोमाण्णा वाकले.
कडेच्या लोखंडी कठड्यावर तळवा ठेवला,
डोळे मिटले, जसं रुळाला हात लावून
गुंजीची गाडी कळायची.
बराच वेळ. ट्रक गेले, गोव्याचे टँकर,
एक वऱ्हाडाची बस गाणं सांडत.
मग मान हलवली,
"दोन्हीकडनं एकदम येतीया.
सिंगल लाइनला असं सोडत नसतेत."

आणि उतरले रस्त्यावर.
धावले नाहीत. हॉर्नकडं बघितलं नाही.
तेच पाऊल, तेवढंच ताणलेलं,
डांबरावर, पांढऱ्या पट्ट्यावर, डांबरावर.
एका कारनं करकचून ब्रेक लावला.
पलीकडं पोचून ते कोयत्यानं
पुढची घाणेरी तोडायलाही लागले.

मी अजून दुभाजकावर, कण्हेरीत.
टेप अडकलाय फांदीला.