नेहमी ह्याच कप्प्यात?

बीव्हर्टनमध्ये सकाळी साडेसहाला लॅपटॉप उघडते
तेव्हा बाहेर अजून अंधार,
फरच्या झाडांवरून रात्रीचं पाणी गळत असतं.
निळा टॅब ऑफिसचा.
हिरवा बँकेचा.
पिवळ्यात मराठी मंडळ : नाटकाची तिकिटं, पुरणपोळ्यांची ऑर्डर,
हळदीकुंकवाला कुणी काय आणायचं त्याचा तक्ता.
आणि एक जांभळा. त्याचं नाव मी नुसतं 'इतर' ठेवलंय.

ह्याची कुकी त्याला दिसत नाही.
पिवळ्याला ठाऊक नाही जांभळ्यात कोण राहतं.

आधी सगळं एकाच खिडकीत नांदायचं.
मार्चमधल्या एका मीटिंगमध्ये
स्क्रीन शेअर करून मी पत्त्याच्या चौकटीत
सी-एच एवढंच टाइप केलं, चार्ट उघडायचे होते,
तर खाली आपसूक उतरलं :
चौदा एप्रिल, सकाळी दहा, कम्युनिटी हॉल, खीर कोण आणणार?

ग्रेगला एक तारीख दिसली, बस.
मोकाशींना कळलं.
ते काही बोलले नाहीत. म्हणजे, चार्टबद्दल बोलले.
दुसऱ्या दिवशी कॉफीच्या यंत्रापाशी म्हणाले,
"तुम्ही मूळच्या कुठल्या? नाही, गाव माहितेय.
गावात कुठे?"

गावात कुठे.
अर्धी पृथ्वी ओलांडून आले, हातात कागदी कप,
आणि वेस माझ्या आधी पोचलेली.

त्या रात्री कप्पे पाडले.
निळा खरं तर आपला.
पण तो ऑफिसला देऊन टाकला,
तिथे निळ्याकडे कुणी वळूनही बघत नाही.

संघमित्रा (शाळेत ती फक्त मित्रा)
खांद्यावरून डोकावून विचारते,
"आई, हे एकमेकांशी बोलत नाहीत? भांडलेत?"
"नाही गं. ओळख नाही त्यांची."
ती सीरियलचा बोल घेऊन निघून जाते. मी तिथेच बसते,
माझंच वाक्य कुणीतरी दुसऱ्यानं म्हटल्यासारखं.

आज जांभळ्यात हॉलचं पान उघडलं
तर ब्राउझर अदबीनं थांबला :
'हे पान नेहमी ह्याच कप्प्यात उघडायचं का?'
खाली छोटी चौकट, बरोबरची खूण करायला.

विचारतोय बिचारा.
आमच्या आजोबांना कुणी विचारलं नव्हतं.

खीर मी नेणार आहे, दोन गॅलन दूध आणून ठेवलंय.
चौकट अजून रिकामीच.