तीस मायक्रॉन

धुळ्याच्या कॉलेजात मागच्या अंगाला,
पूर्वी सायकलींचं शेड होतं तिथं
मी दगड घासतो.
काचेवर चिकटवायचा, भुकटीत फिरवायचा,
गोल, मग इंग्रजी आठ, परत गोल.
तीस मायक्रॉन उरला की हात आवरायचा.
त्याखाली दगड नाही, नुसती काच.

दोंडाईच्याकडच्या काळ्या भिंतीतून
(तिकडची पोरं तिला राक्षसाचा बांध म्हणतात)
सोनवणे मॅडमनी धोंडा आणला.
पोटात सुपारीएवढं हिरवं,
घाट्यातल्या कोवळ्या हरभऱ्यासारखं.
कडा मात्र तांबूस, विझत्या बिडीसारख्या :
त्याला वरची हवा बाधली होती.
"साठ किलोमीटर खालचं," मॅडम म्हणाल्या,
"वाटेत कुठं थांबलं नाही, म्हणून टिकलं."

साठ किलोमीटर.
म्हणजे दोंडाईच्याची एसटी
स्टँडवरून उभीच्या उभी खाली सोडायची.

आणखी खाली, पाचशे-सहाशेवर,
हेच हिरवं दाबानं निळं होतं
आणि अंगात पाणी धरतं.
वाहत नाही, ओलावत नाही,
दगडाच्या हाडात बसलेलं पाणी.
त्याच्याही खाली एक खनिज आहे,
पृथ्वीत सगळ्यात जास्त तेच,
आणि तिथून ते कुणी हातात घेऊन आलेलं नाही.
वर येता येता ते मोडतं, दुसरंच काही होतं.

घरी आईला सांगितलं.
आठव्या दिवशी येणाऱ्या नळासाठी
रात्री दोनला हंडे मांडून बसलेली आई.
तिनं सगळं ऐकलं, मग म्हणाली,
"तठे पानी शे. मंग नळले कवय ई?"

माझं नाव उखर्डू.
आधीचे दोघं जगले नाहीत,
म्हणून जन्मल्याबरोबर मला उकिरड्यावर टाकलं,
आत्यानं उचललं, जणू कुणाचंच नव्हतं पोर.
मस्टरवर मी यू. के. माळी.
त्या काळ्या धोंड्याला मात्र
मी खरं नाव सांगितलं.

काच तयार झाली. भिंगाखाली धरली.
हिरवं कुठंच नाही :
गुलाबी, मोरपंखी, हळदीचा पिवळा.
चकती फिरवली तर सगळं विझलं,
अजून फिरवली, परत आलं.
बराच वेळ फिरवत बसलो.
मॅडमना हाक मारायची राहिली.

मग ताट धुतलं.
सुपारीतलं बहुतेक सगळं
राखी पीठ होऊन तळाशी बसलेलं.
बोअरच्या एका मग्यात
ते मोरीतून पांझरेकडं गेलं.